जेवल्यावर लागणारी टोचणी

वाचकांचे प्रश्न

या सदराकडे खाण्यापिण्याविषयी येणारी पत्रे एरवी वजन कसे उतरवावे एवढेच विचारणारी असतात. या अंकासाठी निवडलेली पत्रे मात्र खाणे कमी करत गेलेल्या तरुण मुलींविषयी आहेत, आणि त्यांत आजाराच्या लक्षणांपेक्षा लाज आणि अपराधीपणा यांचाच उल्लेख अधिक आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि वजनाचे व उष्मांकांचे आकडे मुद्दाम गाळले आहेत. हा त्रास असलेली मुलगी असे आकडे वाचते ती स्वतःशी ताडून पाहण्यासाठीच.

प्रश्न : मी वीस वर्षांची आहे. मूळची सांगलीकडची, शिक्षणासाठी कर्वेनगरला मुलींच्या वसतिगृहात राहते. पहिल्या वर्षी सुट्टीत घरी गेले, तेव्हा काकू सगळ्यांसमोर म्हणाली, “पुण्याचं पाणी मानवलं वाटतं!” आणि सगळे हसले. परत आल्यावर मी रात्रीचा भात सोडला, मग पोळ्या कमी केल्या, आता मेसचा डबा एकाच वेळेचा घेते. सुरुवातीला फार छान वाटायचे. मैत्रिणी विचारायच्या, तुला हे जमते कसे? आता तसे काही वाटत नाही. एखादी पोळी जास्त खाल्ली गेली की रात्रभर मन खात राहते आणि दुसऱ्या दिवशी मी त्याची भरपाई करते. डब्यात उरलेले अन्न कागदात गुंडाळून मागच्या गल्लीतल्या कुत्र्यांना घालते, तेव्हा बाबांनी पाठवलेल्या पैशांचे आपण हे करतो म्हणून रडू येते. खाल्ले तरी मी अपराधी आणि टाकले तरी अपराधी. मला आजार आहे, की मी मनानेच दुबळी आहे? — एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. निदान पत्रावरून करता येत नाही, ते तपासूनच करावे लागते. पण तू लिहिले आहेस तेवढे डॉक्टरांकडे जायला पुरेसे आहे. “मी अजून तेवढी बारीक कुठे झाले आहे?” असे म्हणून थांबू नकोस. अन्न टाळत जाण्याच्या या आजाराला ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होझा’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याच्या निदानाचे निकष सुधारले, त्या वेळी पाळी थांबलेली असण्याची जुनी अट काढून टाकण्यात आली, आणि बरेच वजन उतरूनही जी मुलगी दिसायला सर्वसाधारणच राहते तिच्या त्रासालाही आजारांच्या यादीत जागा मिळाली. राहिला दुबळेपणा. तुझ्या बाबतीत एकामागून एक काय घडत गेले ते नीट पाहिले, तर दुबळेपणाचा येथे काही संबंध नाही हे तुझे तुलाच दिसेल.

काकूचे वाक्य ऐकून तुला जे झाले ती लाज होती, आणि रात्री ती जास्तीची पोळी आठवून जे होते तो अपराधीपणा आहे. बोचतात दोन्ही, पण वागतात वेगवेगळ्या. अपराधीपणा एखाद्या कृत्यापुरता असतो आणि त्याला काहीतरी दुरुस्ती सुचते. लाज अख्ख्या माणसाला लागते, तिला दुरुस्ती सुचत नाही, तोंड लपवावेसे वाटते. अमेरिकेतील मनोविश्लेषक हेलन ब्लॉक लुईस यांनी १९७१ मध्ये हा भेद सविस्तर मांडला. पुढे जून टँगनी आणि इतर संशोधकांनी असे दाखवले, की लाजेपासून सुटा राहिलेला अपराधीपणा माणसाला सहसा सुधारायलाच मदत करतो: मैत्रिणीला लागेल असे बोललो, टोचणी लागली, माफी मागितली, प्रकरण मिटले. खाण्याच्या बाबतीत घोळ असा आहे की मुळात गुन्हाच घडलेला नसतो. एका पोळीने कोणाचेही नुकसान झालेले नाही, त्यामुळे माफी मागायची कोणाची, हा प्रश्नच उरतो; मग ती शिक्षा शरीराकडून वसूल केली जाते, आणि ज्याअर्थी शिक्षा झाली त्याअर्थी गुन्हाही झालाच असणार, असे मन दुसऱ्या दिवशी अधिक ठामपणे मानू लागते. भरपाई करून टोचणी फिटत का नाही, याचे उत्तर येथे आहे.

सुरुवातीला छान वाटायचे, हे तू मोकळेपणाने लिहिलेस ते बरे केलेस, कारण या आजारात हीच गोष्ट सर्वांत कमी बोलली जाते. ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ केन गॉस आणि पॉल गिल्बर्ट यांनी २००२ मध्ये लाज आणि अभिमान यांच्या एका चक्राची मांडणी केली आहे. खाणे आवरले की लाजेवर उतारा पडतो आणि वर अभिमानही वाटतो. चारचौघांत हसू झालेल्या मुलीला त्याच चारचौघांत “कसे जमते तुला?” असे विचारले जाऊ लागले, तर त्या गोष्टीची गोडी लागणे अगदी स्वाभाविक आहे. पण हा अभिमान टिकाऊ नसतो. काल जेवढ्यावर समाधान झाले तेवढ्यावर आज होत नाही, म्हणून आवरण्याचे प्रमाण वाढवत न्यावे लागते. आणि वाढलेले प्रमाण कोणाला दिसू नये म्हणून डबा, कागद, मागची गल्ली असा सगळा लपवाछपवीचा व्यवहार सुरू होतो. आता लाज दिसण्याची राहिलेली नसते, या व्यवहाराचीच लाज वाटू लागते. ज्या दुखण्यावर औषध म्हणून हे सुरू केले तेच दुखणे दुप्पट होऊन परत येते, आणि तोवर औषध सोडायची भीती बसलेली असते.

यात उपाशी शरीराचाही मोठा वाटा असतो, आणि तो मनाच्या खात्यावर मांडला जातो. नोव्हेंबर १९४४ ते डिसेंबर १९४५ या काळात अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ तरुण पुरुषांवर एक प्रयोग केला. युद्ध संपल्यावर युरोपातील उपाशी लोकांना पुन्हा खाते कसे करायचे, हे शोधणे हा त्याचा हेतू होता. हे सारे स्वयंसेवक शरीराने आणि मनाने धडधाकट होते. बारीक होण्याची त्यांना हौस नव्हती, कोणाच्या काकूने त्यांना काही म्हटलेले नव्हते. २४ आठवडे त्यांचे खाणे साधारण निम्म्यावर आणले गेले, आणि त्यांच्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा उतरला. एवढ्या काळात ही माणसे चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटातील घास तासन्‌तास चिवडत बसू लागली. काहींच्या हातून मध्येच भरमसाट खाल्ले गेले, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःला मनसोक्त दूषणे दिली. म्हणजे रात्री जागवणारे तुझे ते विचार काही अंशी उपासमारीतूनच येतात. पोटात पुरेसे अन्न गेल्याशिवाय ते बुद्धिवादाने हटत नाहीत.

टाकलेल्या अन्नाविषयीची टोचणी थोडी वेगळी आहे. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या मुलीला ती लागणारच, आणि एरवी ती चांगल्या संस्काराची खूण आहे. पण तुझ्या बाबतीत ती डबा संपवायला लावत नाही, फक्त रात्रीच्या हिशेबात आणखी एक गुन्हा जमा करते. बाबांच्या पैशांचे तुला खरेच वाईट वाटत असेल, तर त्यावरचा उपाय एकच आहे, तो म्हणजे त्या पैशांचे अन्न तुझ्या पोटात जाणे.

आता करायचे काय? आधी तपासणी. फॅमिली डॉक्टरांकडून नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्तातील पोटॅशियम, फॉस्फेट पाहून घे. रिपोर्ट नॉर्मल आले तर चांगलेच, पण त्यावरून आपल्याला काही झालेले नाही असे ठरवू नकोस. शरीर बराच काळ सांभाळून नेते. त्याचबरोबर, हे उत्तर वाचून उद्यापासून एकदम भरपेट जेवायलाही लागू नकोस. फार दिवस अर्धपोटी राहिलेल्या शरीरात अन्न अचानक वाढले, तर रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयाला धोका होऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये डॉक्टरांनी हे पाहिले आहे. खाणे किती आणि कसे वाढवायचे, हे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ मिळून ठरवतील. मानसोपचारासाठी ससून रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे, आणि पहिले वाक्य समोरासमोर बोलणे जड जात असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’च्या क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क बोलता येते. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे.

उपचार सुरू झाल्यावर एक गोष्ट तुला चकित करील, म्हणून ती आधीच सांगून ठेवते. खाणे सुधारू लागले की सुरुवातीला टोचणी वाढते. अनेक मुली येथेच माघार घेतात, कारण टोचणी वाढली म्हणजे आपण चुकतो आहोत, अशी त्यांची समजूत असते. टोचणी आधी जाईल आणि मग मी खाईन, असा क्रम तू ठेवलास तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागेल. टोचणीसकट जेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही, एवढेच आधी धरून चाल. ती बोथट होत जाते, पण आपल्या गतीने. दुसऱ्या वेळचा डबा पुन्हा सुरू कर आणि तो खोलीत एकटीने न खाता कोणाच्या तरी सोबत खा. आईला किंवा ज्या मैत्रिणीवर विश्वास आहे तिला हे पत्रच वाचायला दिलेस तरी चालेल. तू ते फार नीट लिहिले आहेस.

प्रश्न : माझी नात कॉलेजात आहे. वर्षभरापूर्वीपर्यंत देवापुढे हात जोडायचा कंटाळा करणारी मुलगी आता संकष्टी, दोन्ही एकादश्या, सोमवार, गुरुवार धरते. नवरात्राचेही नऊ दिवस तिने केले. आम्हाला कौतुक वाटले, भजनी मंडळात मी सांगितलेदेखील. पण संकष्टीला चंद्र दिसला तरी ती पानावर बसत नाही, भूक मेली म्हणते. परवा नैवेद्याचा मोदक हातात घेऊन आत गेली आणि तो मला सकाळी केराच्या डब्यात सापडला. काही विचारले तर म्हणते, “आजी, तू पण तर उपवास करतेस.” व्रताला नको म्हणायचे पाप मी कसे घेऊ? — शनिवार पेठेतील एक आजी

उत्तर : आजी, मोदकावरून तुम्हाला जे कळले ते घरातल्या बाकीच्यांना अजून कळलेले नसावे. तुमच्या आणि नातीच्या उपवासात फरक कोठे आहे, तो तुमच्याच अनुभवावरून पाहू. संकष्टी चंद्रोदयाला सुटते, एकादशीला दुसऱ्या दिवशी पारणे असते, घेतलेल्या व्रताचे कधी ना कधी उद्यापन होते. उपवास सोडणे हा व्रताचाच भाग आहे, आणि त्या वेळचे जेवण घरात सर्वांत आनंदाचे असते. (साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचे काप आणि वर बर्फी खाणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आहेच.) नातीचा उपवास सुटत नाही, तो फक्त एका तिथीवरून दुसऱ्या तिथीवर जातो. आणखी एक पाहा. व्रत मोडले तर त्याला प्रायश्चित्त असते, ते मोजके असते आणि केल्यावर संपते. नातीकडून एक घास जास्त गेला, तर तिच्या हिशेबी कोणतेच प्रायश्चित्त पुरे पडत नसणार.

धर्माच्या आडोशाने अन्न सुटत जाणे हे काही आपल्याच घरांत आणि आजच घडते असे नाही. इटलीतील सिएना गावची संत कॅथरीन अशीच अन्न टाकत गेली आणि १३८० मध्ये ३३ वर्षांची असताना वारली. पॅरिसचे लासेग आणि लंडनचे विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ मध्ये या दुखण्याची वैद्यकीय मांडणी केली ती त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, आणि तेव्हाही आजच्यासारखी बारीक दिसण्याची चढाओढ नव्हती. लाज वाटणाऱ्या मुलीला जे मानाचे असेल त्याचा आधार लागतो; कोठे तो संतपण असतो, कोठे उपवास, तर कोठे ‘हेल्दी’ खाणे. भजनी मंडळात तुम्ही केलेले कौतुक तिला त्या आधारासारखे वाटले असेल. त्यात तुमचा दोष नाही, पण आता ते कौतुक थांबवा.

तिला ढोंगी म्हणू नका, मोदकाची गोष्ट सर्वांसमोर काढू नका. पकडले जाण्याने लाज वाढते आणि पुढच्या वेळी मोदक केराच्या डब्यात न सापडता बाहेर कोठे तरी जाईल, एवढाच त्याचा परिणाम होतो. एकटी असताना जवळ बसवून सांगा, की मोदक मला सापडला, मी रागावलेली नाही, मला तुझी काळजी वाटते आणि आपण दोघी डॉक्टरांकडे जाऊ. पापाचे म्हणाल, तर आजारी माणसाला, लेकराला, गरोदर बाईला उपवासातून सूट देण्याची रीत तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत नात आजारीच समजायची. तिचे व्रत मोडते असे तिला वाटू नये म्हणून संकष्टीला तिच्या नावाने तुम्ही अथर्वशीर्ष म्हणा, तिला शेजारी बसवा, आणि मग दोघी एकदमच पानावर बसा. “तू पण तर उपवास करतेस” याला खरे उत्तर, या घरात काही दिवस कोणीच उपवास करणार नाही, हे आहे. तुमच्या वयाला आणि औषधांनाही ते सोसवेल.

प्रश्न : मुलगी चोवीस वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. सहा महिने पाळी आलेली नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी “पीसीओडी असेल, वजन आटोक्यात ठेवा” म्हणून गोळ्या दिल्या, त्यानंतर तिने खाणे आणखी कमी केले. तिचे बाबा म्हणतात, हे सगळे मोबाइलचे आणि नखऱ्यांचे प्रकार आहेत. पण लहानपणी तिला ‘जाडे’ म्हणून हाक मारणारी मीच होते. गेल्या वर्षी एका स्थळाकडून नकार आला, तेव्हा “थोडं कमी कर” असेही मीच म्हटले. आता तिच्यापुढे ताट धरून रडते. चूक माझीच ना? — एक आई, सिंहगड रस्ता

उत्तर : आधी पाळीचे सांगते, कारण त्यात वेळ घालवण्यासारखा नाही. पीसीओडीत, म्हणजे बीजकोशांच्या त्या विकारात, पाळी लांबते हे खरे, पण शरीराला पुरेसे अन्न मिळत नसेल तरीही मेंदूकडून बीजकोशांना जाणारा संदेश मंदावतो आणि पाळी थांबते. दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. पहिलीला पुष्कळदा वजन उतरवायला सांगतात, दुसरीने तसे केले तर दुखणे वाढते. म्हणून पुन्हा डॉक्टरांकडे जाल तेव्हा वर्षभरात वजन किती उतरले आणि ती दिवसभरात काय खाते, हे न विचारताच सांगा आणि संप्रेरकांची तपासणी करायला सांगा. गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव झाला तरी पाळी पूर्ववत झाली असे होत नाही, आणि हाडांची झीज त्याने भरवशाने थांबत नाही. विशीत हाडांची जी जमा होते ती पुढच्या सगळ्या आयुष्याला पुरवायची असते.

मोबाइलचा वाटा आहे, पण सगळा नाही. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली आणि तीन वर्षांत तेथील शाळकरी मुलींमध्ये खाण्याविषयीच्या तक्रारी लक्षणीय वाढल्या, असे संशोधक अ‍ॅन बेकर यांनी दाखवले आहे. तरीही टीव्ही पाहणारी प्रत्येक मुलगी आजारी पडली नाही. आनुवंशिकता, स्वभावातील काटेकोरपणा, काळजीखोरपणा, घरीदारी होणारी बोलणी अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. ‘नखरे’ हा शब्द मात्र बाबांनी आजपासून घरात उच्चारू नये. तो ऐकून कोणत्याही मुलीने घास तोंडात घातल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

आता तुमच्या चुकीविषयी. एके काळी या आजाराचे खापर सरसकट आयांवर फुटत असे. खाण्याच्या आजारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये स्पष्ट भूमिका घेतली, की कुटुंब हे या आजाराचे प्रमुख कारण मानता येत नाही, आणि उपचारात मात्र कुटुंबाला सामील करून घ्यावे. म्हणून “चूक माझीच” हे खरे नाही. पण ‘जाडे’ ही हाक तिला लागली नसेल, असे म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. ती लागली असेल. तुमचा अपराधीपणा खऱ्या कृत्याविषयी आहे, म्हणून त्याची दुरुस्तीही होऊ शकते. एकदाच, जेवणाची वेळ सोडून, रडू आवरून तिला सांगा: “मी तुला असे म्हणत होते, ते चुकीचे होते, मला त्याचे वाईट वाटते.” तेथे थांबा. ताट धरून तुम्ही रडता तेव्हा तिला आईची समजूत काढावी लागते, आणि तिच्या घासाघासावर आईचे अश्रू जमा होतात. खाल्ले नाही तर आई रडते, खाल्ले तर स्वतःची टोचणी. अशा ताटावरून कोणीही उठून जाईल.

ताटावर बसल्यावर गप्पा ऑफिसच्या, मालिकेच्या, शेजारच्या बांधकामाच्या करा. तिने काय घेतले, किती सोडले, यावर बोलू नका. ती जबाबदारी आहारतज्ज्ञ आणि मानसोपचार करणाऱ्या व्यक्तीकडे जाऊ द्या. शरीराविषयीची स्तुतीही टाळा. खाणे सुधारू लागल्यावर मावशी येऊन “आता कशी तब्येत सुधारली!” असे म्हणेल, आणि ती रात्र मुलगी जागून काढील. मावशीला आधीच फोन करून सांगा. स्थळे पाहणे पूर्ण थांबवा, आणि थांबवले आहे हे तिला सांगा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला आपादमस्तक पाहिले जाते. लाजेने आजारी पडलेल्या मुलीला त्याच परीक्षेला पुन्हा बसवू नये. ती सज्ञान आहे, त्यामुळे उपचारांना तिची तयारी लागेल. किशोरवयीन मुलींसाठी कुटुंबाला बरोबर घेऊन केलेला उपचार सर्वाधिक अभ्यासला गेला आहे. तिच्या वयाला ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेली, विचार आणि वर्तन यांवर काम करणारी पद्धत वापरतात. पुण्यात शोधताना थेट विचारा, की खाण्याच्या आजारांचे रुग्ण आपण नियमित पाहता का. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

प्रश्न : आम्ही दोघी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, सदाशिव पेठेत एका खोलीवर राहतो. ती जेमतेम खाते, आणि कधी खाल्लेच तर नंतर बराच वेळ बाथरूममध्ये असते. गेल्या आठवड्यात अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. “घरी सांगितलंस तर तुला माझ्या आईची शपथ” असे तिने मला बजावले आहे. मी काय करू? — तिची रूममेट

उत्तर : शपथ मोडा. शपथ घातली ती मैत्रिणीने, पण घालायला लावली ती लाजेने, आणि दुखणे अंधारात राहिले की लाजेचेच फावते. तिच्या नकळत मात्र काही करू नका. आधी तिला सांगा, की जिन्यात पडलीस तेव्हाच मी हे एकटीने सांभाळायचे सोडले, मी तुझ्या मोठ्या बहिणीशी किंवा आईशी बोलणार आहे, आणि चक्कर व खाणे याव्यतिरिक्त काही सांगणार नाही. बाथरूमच्या दाराशी पहारा देणे, तिचा डबा तपासणे हे तुमचे काम नाही. त्याने तुमची मैत्री जाईल आणि अभ्यासही जाईल.

ती आधीच एकदा पडलेली आहे, म्हणून आजच्या आजच तिला डॉक्टरांकडे न्या. कमी खाणे आणि उलट्या एकत्र असतील तर रक्तातील पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजी आणि रक्ततपासणी त्यासाठीच आहे. पुन्हा चक्कर आली, छातीत धडधडले किंवा दुखले, उलटीत रक्त दिसले, हातपाय गळाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि डॉक्टरांना उलट्यांविषयी तुम्हीच सांगा, कारण ती सांगणार नाही. “जगून काय उपयोग” अशा अर्थाचे ती काही बोलली, तर तिला एकटी सोडू नका. १४४१६ वर लगेच फोन करा, आणि जिवाला धोका दिसला तर ११२ वर. या आजारातील मृत्यूंपैकी काही आत्महत्येने होतात. शपथ मोडल्याबद्दल ती तुमच्याशी अबोला धरील. धरू द्या, आणि तो चालू असतानाही रात्रीचा डबा तिच्यासोबतच खात जा.